चैत्रातही केस न झडणाऱ्या गाई

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळा आला की आपल्या कृषी पानावर जनावरांसाठी सावली, गार पाणी, ओली पोती यांवर मजकूर येतो. तो हवाच. पण चैत्र उलटत आला तरी थंडीतले लांब, राठ केस अंगावर घेऊन धापा टाकणाऱ्या संकरित गाईबद्दल कुणी लिहीत नाही. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी माळशिरस-सांगोला भागात झाली. अशा गाई तिथे गोठ्यागोठ्यांत दिसत.

दिवस मोठा होऊ लागला की थंडीतली लव झडू लागते. खिलारीचे अंग लवकर तुळतुळीत होते, होलस्टिनच्या रक्ताला उशीर लागतो, हे मान्य. जंत, उवा, गजकर्ण हीही कारणे असतात; ती डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावीत. पण काळी गाय तांबूस पडली, डोळ्यांभोवतीचे केस पांढुरके होऊन चष्मा लावल्यासारखी दिसू लागली, तर तांबे कमी पडत असल्याचा संशय घ्यावा. केसाला काळा रंग देणाऱ्या विकराला (एन्झाइमला) तांबे लागते. अशी गाय पुढे माजावर येत नाही किंवा सारखी उलटते, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नाही, आणि मालक बोल लावतो रेतन करणाऱ्याला!

आमच्याकडे कारखान्यांचा हंगाम चालू असेतो गव्हाणीत उसाचे वाढे आणि कडबा. वाढ्यातले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, कडब्यात स्फुरद (फॉस्फरस) तुटपुंजे. मग जनावरे हाडे, चिंध्या चघळतात. गोठ्यात मिठाचा खडा टांगला की भागले, असे पुष्कळांना वाटते. साध्या मिठात तांबे-जस्त कुठले? आयएसआय चिन्ह असलेले खनिज मिश्रण मोठ्या जनावराला रोज सुमारे 50 ग्रॅम आंबोणातून द्यावे. मात्र गाईचे मिश्रण मेंढ्यांना घालू नये. मेंढीला तांबे फार लवकर बाधते, आणि आमच्या भागात गाई-मेंढ्या एकाच वाड्यात असतात.

लाळ्या-खुरकुताच्या लसीसाठी कर्मचारी दारोदार जातातच. उन्हाळ्याच्या तोंडी जी फेरी होईल, तिच्यात केस न झडलेल्या गाईंची गाववार नोंद व्हावी आणि त्यांतल्या काहींचे रक्त व चारा खनिज तपासणीला पाठवावा, अशी पशुसंवर्धन खात्याला विनंती आहे. नोंदीसाठी वहीत एक रकाना वाढवावा लागेल. तपासणीचा खर्च दूध संघांनी उचलायला हरकत नसावी.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. माळशिरस, जि. सोलापूर