रिकाम्या डब्याची गोष्ट सांगणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर पत्र पाठवायचं म्हणजे गंमतच. पण तोंडावर आभार मानले की तुम्ही "अहो वहिनी, पुरे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते.

ह्यांच्या डाव्या हातातून पाना निसटायला लागला, तेव्हा आम्ही मानेच्या मणक्याचे एक्सरे काढत बसलो. वर्ष त्यातच गेलं. मग सुया टोचून तपासणी झाली आणि नाव कळलं: मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार, त्यातला एएलएस हा प्रकार. सांगणाऱ्या डॉक्टरांनी चार मिनिटं दिली. नौपाड्यात येईपर्यंत रिक्षात आम्ही दोघं गप्प होतो.

वागळे इस्टेटमध्ये 27 वर्षं फिटर असलेल्या माणसाचा हिशेब सरळ: वायर तुटलीय ना, मग जोडा. माझा हिशेब वेगळा: माझ्याच हातच्या खाण्यात काहीतरी कमी पडलं. त्या संध्याकाळी तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत, "वहिनी, ह्यांचा रिकामा डबा घरी आला की तुम्हाला काय काय कळायचं?"

सगळंच कळायचं. भाजी उरली तर तब्येत बरी नाही. डबा विसळून आणला तर त्या दिवशी काम कमी. डबाच आला नाही तर ओव्हरटाइम.

मग तुम्ही सांगितलंत. कण्यातल्या चेतापेशीपासून पायापर्यंतचा तंतू जवळजवळ मीटरभर लांब, पण पेशीचं अंग मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकंही नाही. तंतूला लागणारं बहुतेक सामान त्या इवल्याशा स्वयंपाकघरात शिजतं. कायनेसिन नावाचं प्रथिन भरलेला डबा स्नायूच्या दिशेने नेतं, डायनीन परतीचा आणतं. सगळ्यात वेगाने जाणारा डबा दिवसाला साधारण 400 मिलिमीटर सरकतो, म्हणजे पायापर्यंत अडीच दिवस. तंतूच्या सांगाड्याचं सामान तर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर. परतीच्या डब्यातून स्नायूकडचा निरोप येतो, त्यावर पेशी तग धरते. निरोप थांबला की ती खंगते.

ह्यांनी लगेच विचारलं, "बिघाड जायच्या लाइनला की यायच्या?" तुम्ही केवढे खूश झालात! दोन्हीकडे सापडलाय म्हणालात: 2003 मध्ये डायनीनला हात देणाऱ्या डायनॅक्टिनच्या जनुकात, 2018 मध्ये केआयएफ5ए या कायनेसिनच्या जनुकात. शिवाय पेशीतला धोक्याचा इशारा देणारा पी38 हा विकर (एन्झाइम) चेकाळला, तर तो कायनेसिनला फॉस्फेट चिकटवून वाटेतच अडवतो. पण असे जनुकदोष थोड्याच रुग्णांत असतात, आणि डबा अडल्यामुळे पेशी मरते की मरायला लागल्यामुळे डबा अडतो, हे भांडण मिटलेलं नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "तुमच्या भाजीचा यात काही संबंध नाही."

त्या रात्री मला झोप लागली.

रिलुझोल हे औषध 1995 पासून आहे, ते थोडे महिने पदरात टाकतं, बरं करत नाही, हे तुम्ही स्वच्छ सांगितलंत. म्हणूनच स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागणाऱ्या जाहिरातीतून आम्ही वाचलो. भाच्याने तर फॉर्मसुद्धा भरून ठेवला होता.

आणि तो पुठ्ठा. ह्यांची वाचा गेली, पण या आजारात डोळ्यांचे स्नायू बहुधा शेवटपर्यंत साथ देतात म्हणून तुम्ही अख्खी वर्णमाला आणि मात्रा रंगवून आणल्यात. बाजारात मिळतात ते एबीसीडीचे. ह्यांना काय उपयोग?

फक्त एक तक्रार आहे. परवा ह्यांनी पंधरा मिनिटं डोळे फिरवून लिहिलं, 'सरांना मामलेदारची मिसल'. मी वाचून दाखवलं तर चिडले. ह-पुढे ळ घालायला तुम्ही विसरलात, सर. मी स्केचपेनने लिहून टाकलाय. मिसळ रविवारी आणते, सकाळी नऊला खाली या.

आपली,
तळमजल्यावरची वहिनी