बातमी पुटपुटते, जाहिरात ओरडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या स्थानिक केबल वाहिन्यांवर बातमीसाठी आवाज वाढवावा, तोच जाहिरात कानावर आदळते. पीक मीटरवर दोन्ही सारखेच दिसतात. तो क्षणाची उंची मोजतो, कानाला जाणवणारा मोठेपणा नाही. त्यासाठी लाउडनेस मीटर हवा. युलीन या लाउडनेस मीटर सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते.

फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून ‘इंटिग्रेटेड’ आकडा, म्हणजे पूर्ण फाइलचा सरासरी मोठेपणा, पाहावा. आधी रिसेट दाबायचे राहिले, तर मागच्या फाइलचा हिशेब त्यात मिसळतो (हे फार होते). युरोपातले आर १२८ मानक उणे २३ एलयूएफएस (जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) सांगते, ट्रू पीक, म्हणजे लहरीचे खरे सर्वोच्च टोक, उणे १ डेसिबलच्या आत. जाहिरात उणे १२ भरली, तर ती सरळ ११ डेसिबलने खाली घ्यावी. लिमिटरची, म्हणजे उंच टोके दाबणाऱ्या साधनाची, गरजच नाही.

खरी पंचाईत संबळ-हलगीची. सरासरी कमी म्हणून आवाज चढवला की थाप आधी उणे १ च्या छताला लागते. तिथे लिमिटर लावावा, पण दोन-तीन डेसिबलपुरताच. जास्त दाबला, तर हलगी पुठ्ठ्यावर काठी मारल्यासारखी वाजते. कीर्तनातल्या शांत जागांची मात्र चिंता नको. उणे ७० खालचे, आणि सरासरीपेक्षा दहा डेसिबलहून अधिक हळू असलेले, मीटर त्या आकड्यात धरतच नाही.

आपला,
एक ध्वनिसंयोजक, लातूर