सॉफ्टवेअर विकलं, पण त्यातला डेटा आमचा आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी चोपड्यात व्हॅटच्या काळापासून कर सल्लागाराचं काम करतो. क्लायंट म्हणजे केळीचे व्यापारी, कापसाच्या दोन जिनिंग मिल, जळगावची एक डाळ मिल, बाकी किराणावाले आणि मास्तर लोक. सगळं काम रिटर्न भरायच्या एकाच सॉफ्टवेअरवर, अडलं की फोन लावायचा, पलीकडचा मुलगा नावानिशी ओळखायचा आणि स्क्रीनवर येऊन पाच मिनिटात सोडवून द्यायचा. ती कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली, आणि आम्हाला ते कळलं रिन्युअलचं बिल आलं तेव्हा.

बिल जवळपास दुप्पट. त्याचंही एवढं नाही, पण जुनं व्हर्जन बंद, क्लाउडवर या म्हणे, आणि फोनच्या जागी चॅट. ऑडिटची शेवटची तारीख 30 सप्टेंबर डोक्यावर, ऑडिटची फाइल उघडली तर जिनिंगवाल्या भाऊंच्या घसाऱ्याच्या तक्त्यात, म्हणजे मशिनरीची किंमत दरवर्षी किती घटली त्या तक्त्यात, ओपनिंग (मागच्या वर्षाची पुढे आणलेली किंमत) शून्य! 2013 पासूनची मशिनरी, सगळी गायब. तीन दिवस चॅटवर "आपली तक्रार नोंदवली आहे" एवढंच उत्तर. ऑडिट चुकलं तर उलाढालीच्या अर्धा टक्का, दीड लाखापर्यंत दंड, तो पडणार भाऊंना आणि तोंड दाखवायचं मी. शेवटी जुन्या फायली काढून मी आणि माझ्या मुलीने रात्री दोनपर्यंत बसून एकेक मशीन, वर्षाप्रमाणे, हाताने टाकलं. दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं म्हटलं तर डेटा पीडीएफमध्येच मिळतो, त्याचं काय करणार?

त्यानंतर डाळ मिलच्या मुनीमजींनी मोबाईल दाखवला. त्याच कंपनीच्या ॲपचा मेसेज, "स्वतःच रिटर्न भरा, स्वस्तात". नंबर कुठून गेला हे मी सिद्ध नाही करू शकत, पण मुनीमजींचा नंबर मीच त्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला होता आणि त्या दिवसापासून मला झोप नाही.

अमेरिकेत एच अँड आर ब्लॉक ही रिटर्न भरून देणारी कंपनी टॅक्सॲक्ट हे रिटर्नचं सॉफ्टवेअर विकत घ्यायला निघाली तेव्हा, स्पर्धा कमी होईल म्हणून, 2011 मध्ये तिथलं सरकार कोर्टात गेलं आणि सौदा थांबला. आपल्याकडे विकली जाणारी कंपनी छोटी असली, म्हणजे भारतातली मालमत्ता 450 कोटींच्या आत किंवा उलाढाल 1250 कोटींच्या आत, तर सौदा असे सौदे तपासणाऱ्या स्पर्धा आयोगापुढे सहसा जातच नाही. आमच्यासारख्यांची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या कंपन्या बहुतेक त्यातच बसतात. इंट्यूट या अमेरिकी कंपनीने क्विकबुक्स हे हिशोबाचं सॉफ्टवेअर भारतातून 31 जानेवारी 2023 ला बंद केलं तेव्हा निदान आधी सांगितलं तरी होतं.

आता 1 एप्रिल 2026 पासून नवीन आयकर कायदा, कलमांचे नंबर बदलले, फॉर्म बदलले, म्हणजे सॉफ्टवेअरवाचून हलताच येणार नाही. म्हणून आयकर खात्याने एवढं तरी बंधनकारक करावं: सॉफ्टवेअरची कंपनी विकली तर रिटर्नच्या सीझनच्या आधी कळवायचं, क्लायंटचा पूर्ण डेटा दुसरीकडे चालेल अशा फाइलमध्ये मागेल त्याला द्यायचा, आणि आमच्या क्लायंटचे नंबर स्वतःच्या जाहिरातीला वापरायचे नाहीत. रिटर्न अपलोड करायची जेसन (JSON) फाइल कशी असावी हे खात्यानेच ठरवून दिलं ना, मग घसारा आणि मागच्या वर्षांच्या पुढे आणलेल्या आकड्यांची का नाही?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कर सल्लागार संघटनांनी हे एकत्र लिहून द्यावं, पहिली सही मी करतो.

आपला,
एक कर सल्लागार, चोपडा