अलास्कासाठी कंपनी बदला, पॉइंट कुठे जात नाहीत

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचं म्हणणं असं की रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीकडे एवढ्या वर्षांचे पॉइंट साठलेत, डायमंड श्रेणीला थोडेच कमी आहेत, तर अलास्काची सहलही तिच्याच जहाजाने करावी. फोनवर हा विषय नेहमी अर्धवट राहतो, म्हणून सगळा हिशोब लिहूनच पाठवते.

माझं मत आधी सांगते. अलास्काला रॉयलने जाऊ नका. हॉलंड अमेरिकाने जा, ती जमली नाही तर प्रिन्सेसने. आणि डायमंड पुरं करायचंच असेल तर ते सिंगापूरहून करा.

कारण एकच, पण मोठं आहे: ग्लेशियर बे. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांनाच प्रवेश मिळतो. ते परवाने ठरावीक कंपन्यांकडे आहेत आणि त्यांतला मोठा वाटा हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेसकडे आहे. नॉर्वेजियनचीही काही जहाजं जातात. रॉयलची जात नाहीत आणि तिच्याच समूहातल्या सेलिब्रिटीचीही जात नाहीत. रॉयलची सिअ‍ॅटलहून सुटणारी मोठी जहाजं बहुधा एन्डिकॉट आर्म या चिंचोळ्या खाडीत शिरतात. तिथे पाण्यात बर्फ जास्त असला की कप्तान लांबूनच जहाज वळवतो, आणि असं बऱ्याचदा होतं. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून अलास्कातल्या सूअर्डकडे जाणारी जहाजं हबर्ड हिमनदी दाखवतात. हबर्ड खरोखर भव्य आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण ग्लेशियर बेमध्ये जवळजवळ अख्खा दिवस जातो. उद्यानाचे रेंजर सकाळीच जहाजावर चढतात आणि समोर जे दिसतंय ते ध्वनिक्षेपकावरून समजावून सांगत राहतात. १७९४ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेने पाहिलं तेव्हा ही खाडी जवळजवळ पूर्ण बर्फाखाली होती, आत शिरायला वाटच नव्हती. तो बर्फ आता शंभरहून अधिक किलोमीटर मागे सरकलाय आणि त्याच मोकळ्या झालेल्या पाण्यातून तुमचं जहाज जाणार. बाबा, तुम्हाला भूगोलाची किती आवड आहे ते मला माहीत आहे. हा दिवस तुम्ही पॉइंटांपायी सोडावा, हे मला अजिबात पटत नाही.

आता पॉइंटांचं. रॉयलच्या क्राउन अँड अँकर या सदस्य योजनेत पायऱ्या अशा आहेत: गोल्ड ३, प्लॅटिनम ३०, एमरल्ड ५५, डायमंड ८०, डायमंड प्लस १७५ आणि पिनॅकल ७००. साध्या केबिनला माणशी रात्रीला एक पॉइंट मिळतो, स्वीटला दोन. तुम्ही एमरल्डमध्ये आहात. सात रात्रींची अलास्का तुम्हाला फक्त सात पॉइंट देईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे पॉइंट मुदतबाह्य होत नाहीत. मध्ये दुसऱ्या कंपनीच्या दोन सहली केल्या तरी तुम्ही परत याल तेव्हा एमरल्डच असाल. (एमएससी या दुसऱ्या क्रूझ कंपनीचं तसं नाही, तिथे तीन वर्षांत एकदा तरी प्रवास करावा लागतो.) त्यामुळे "एवढे पॉइंट वाया जातील" ही भीती मनातून काढून टाका.

डायमंडला मिळतं काय, तेही बघू. सगळ्यांच्या तोंडी असलेला फायदा म्हणजे पेयांची रोजची चार व्हाउचर. ती त्या दिवशीच वापरायची, दुसऱ्या दिवसासाठी उरत नाहीत. तुम्ही दोघंही मद्य घेत नाही. कॉफी आणि ज्यूससाठी ती चालतील, पण दिवसाला माणशी चार कॉफ्या कोण पिणार? वाय-फायचा एक दिवस फुकट मिळतो. काही जहाजांवर वेगळं लाउंज असतं, तिथे सकाळी शांतपणे बसता येतं. आईला ते आवडेल हे खरं. पण त्याच्यापुढची पायरी बघा: डायमंड ते डायमंड प्लस म्हणजे आणखी ९५ रात्री. तुमच्या आजवर झाल्यात त्याहूनही जास्त. वर्षाला एक आठवड्याची सहल धरली तरी तेरा-चौदा वर्षं लागतील. म्हणून डायमंड ही तुमच्यासाठी निष्ठेची शेवटची उपयोगाची पायरी समजा. ती गाठायला मुंबईहून सोपा मार्ग सिंगापूरचा आहे. विमान साडेपाच तासांचं, आणि रॉयलच्या तीन ते पाच रात्रींच्या सहली तिथून होतात. कुठल्या मोसमात कुठलं जहाज तिथे असतं ते बदलत राहतं, तेवढं आधी पाहायला हवं. थंडीत एक केलीत की डायमंड बरंच जवळ येईल. आणि एकदा डायमंड झालात की सेलिब्रिटीवर तुम्हाला एलिट श्रेणी मिळते, कारण दोन्ही कंपन्या एकाच समूहाच्या. पुढे भूमध्यसागराची सहल कराल तेव्हा ते कामी येईल.

तुमच्या दोघांच्या पॉइंटांत थोडा फरक आहे, त्याचीही चिंता नको. एका पत्त्यावर राहणाऱ्या पती-पत्नींना ज्याची श्रेणी वरची असेल ती दोघांना मिळते, फक्त दोन्ही खाती जोडून घ्यावी लागतात. इथेच आपल्या लोकांचा घोळ होतो. पासपोर्टवर बाबांचं नाव वडिलांच्या नावासकट आहे. एजंटाने एकदा नुसतं नाव-आडनाव टाकलं आणि सदस्य क्रमांक टाकलाच नाही, की संगणक नवा सदस्य तयार करतो आणि त्या सहलीचे पॉइंट भलत्याच खात्यात पडतात. अ‍ॅपमध्ये जाऊन जुन्या सगळ्या सहली एकाच क्रमांकाखाली दिसतात का ते बघा. एखादी गायब असेल तर बुकिंग क्रमांक आणि पासपोर्टची प्रत जोडून कंपनीला लिहायचं, खाती एकत्र करून देतात. पुढे कुठल्याही कंपनीत बुकिंग करताना नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच द्यायचं.

निष्ठेबद्दल आणखी एक गोष्ट मला फार वाटते. नियम कंपनी बनवते आणि कंपनीच बदलते. कार्निव्हल या क्रूझ कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलं की जून २०२६ पासून त्यांच्याकडे श्रेणी रात्रींवर नाही, केलेल्या खर्चावर ठरणार. वर्षानुवर्षं रात्री मोजत बसलेल्यांची सगळी गणितं त्यामुळे बदलली. आपल्या मुंबईतही जलेश क्रूझेस २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२० मध्ये बंदही पडली. म्हणून फायदा आपोआप मिळत असेल तर जरूर घ्यावा, पण त्याच्यासाठी मार्ग वाकडा करू नये आणि जास्त भाडंही देऊ नये.

हॉलंड अमेरिकाच का, तर जहाजं लहान आहेत. सिअ‍ॅटलहून जाणारी रॉयलची क्वांटम वर्गातली जहाजं चार हजारांहून अधिक प्रवाशांची. हॉलंड अमेरिकाची अलास्कातली बरीचशी जहाजं दोन हजारांच्या आसपासची. आई, तुझ्या गुडघ्यांना याचा थेट फायदा आहे: केबिनपासून जेवणघरापर्यंतचं अंतर कमी, लिफ्टसमोर गर्दी कमी, बंदरावर उतरायची रांगही छोटी. लहान मुलांची धावपळ कमी, संध्याकाळी गाणं-वाजवणं जास्त. पाण्याच्या घसरगुंड्या आणि मोठमोठे खेळ तिथे नाहीत, पण त्यांचा तुम्हाला काय उपयोग?

जेवणाच्या बाबतीत मात्र थोडी तडजोड होईल, ते आधीच सांगते. रॉयलवर गोव्याचे आणि मुंबईचे कर्मचारी भेटतात, शाकाहारी माणसाला काय हवं ते त्यांना न सांगता कळतं. हॉलंड अमेरिकावर सेवक बहुतेक इंडोनेशिया आणि फिलिपिन्सचे. माणसं अतिशय प्रेमळ, पण "व्हेजिटेरियन" म्हटलं की सॅलड आणि पास्ता पुढे येतो. यावर उपाय आहे. बुकिंगमध्येच आहाराची नोंद करायची आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघरातल्या मुख्य माणसाला गाठून दुसऱ्या दिवसासाठी भारतीय शाकाहारी जेवण सांगून ठेवायचं. रोज रात्री उद्याचं सांगायचं, आयत्या वेळी जमत नाही. आणि ग्लेशियर बेच्या दिवशी डेकवर गरम वाटाण्याचं सूप वाटतात, ते तसंच उचलू नका. डच पद्धतीच्या या सुपात परंपरेने डुकराचं मांस असतं, त्यामुळे विचारूनच घ्यायचं.

सिअ‍ॅटलहून जायचं की व्हँकुव्हरहून, हा प्रश्न माझ्या मते कंपनीइतकाच महत्त्वाचा आहे. सिअ‍ॅटल मला घराजवळ आहे, पण तिथली जहाजं बहुतेक व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. तिथे जहाज हलतं. व्हँकुव्हरहून सुटणारी जहाजं बेट आणि मुख्य भूमीच्या मधल्या आडोशाच्या पाण्यातून जातात आणि दोन्ही काठांवरचं जंगल दिसत राहतं. आईला बोट लागते, त्यामुळे व्हँकुव्हरच. सात रात्रींची गोल सहल बघायची: जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकन आणि परत व्हँकुव्हर. हॉलंड अमेरिकाची ही नेहमीची सहल आहे. प्रिन्सेसची बरीच जहाजं व्हँकुव्हरहून व्हिटियरला एकेरी जातात. मग अँकरेजहून विमानाने परतायचं, म्हणजे सामानाची ओढाताण वाढते. कुठलीही सहल नक्की करण्याआधी त्या तारखेच्या कार्यक्रमात "ग्लेशियर बे" हे नाव स्पष्ट लिहिलंय का ते मी स्वतः पाहीन. एकाच जहाजाच्या दोन वेगवेगळ्या आठवड्यांतल्या सहलींत फरक असू शकतो.

केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घेऊ, तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते. बाल्कनी घ्याच. अलास्कात ते पैसे सार्थकी लागतात. डावी बाजू की उजवी यावर डोकं खपवू नका, हिमनदीसमोर जहाज सावकाश वळतं आणि दोन्हीकडच्यांना दिसतं. बोट लागू नये म्हणूनची अवोमिन गोळी जहाज हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो, आधी घ्यावी लागते, आणि तिने झोप येते. आईच्या बाकीच्या गोळ्यांबरोबर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

तारीख मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतची बरी. त्या भागात हा तुलनेने कोरडा काळ असतो. ऑगस्टनंतर पाऊस वाढत जातो आणि केचिकनला तर तो वर्षभरच असतो. स्कॅगवेला व्हाइट पासची आगगाडी घ्यायची. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांसाठी १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली, बसल्या जागी घाट चढते. फक्त शिखरापर्यंत जाऊन परत येणारी फेरी निवडा, पुढच्या फेऱ्या कॅनडात उतरवतात आणि वेळ खातात.

खर्चाची तुलना करताना नुसतं भाडं बघू नका. भाडं, कर आणि बंदर शुल्क, टिप, वाय-फाय, बंदरावरच्या सहली, सगळं मिळून बघायचं. रॉयलवर साध्या केबिनला टिप माणशी रोज साडेअठरा डॉलर धरली, तर दोघांची आठवड्याची २५९ डॉलर होते. जाहिरातीतल्या आकड्यात ती नसते. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका पेयं, वाय-फाय वगैरे एकत्र करून पॅकेज विकतात. त्याच्या किमतीतून तुम्ही खरोखर वापराल तेवढंच धरायचं, उरतो तो मद्याचा खर्च. तुमच्यासाठी ते पॅकेज फायद्याचं नाही, वाय-फाय वेगळं घेऊ. बुकिंग मी इथून केलं तरी तुमचा रहिवास भारत असाच द्यायचा. काही सवलती फक्त अमेरिका-कॅनडाच्या रहिवाशांसाठी असतात आणि त्या चुकून लागल्या तर पुढे अडचण येते.

विमा टाळू नका. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल खोलीच्या खात्यावर चढतं, ते आपण भरायचं आणि मग विम्याकडे मागायचं. बाबांचा रक्तदाब आणि आईची साखर अर्जात लिहायचीच. बऱ्याच भारतीय पॉलिसींत जुन्या आजारासाठी फक्त जिवावर बेतल्यावरचाच खर्च मिळतो, तेव्हा ते कलम मला फोटो काढून पाठवा, मी वाचते.

व्हिसा दोन लागतील. अमेरिकेचा मल्टिपल एंट्रीचा तुमच्याकडे आहे. कॅनडाचा नवा काढावा लागेल. सिअ‍ॅटलहून गेलो असतो तरी तो चुकला नसता, कारण ती जहाजंही बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. व्हँकुव्हरला जहाजात चढण्याआधीच अमेरिकेची तपासणी होते, त्यामुळे रांग लांब असते. औषधं आणि कागद हातातल्या पिशवीतच ठेवायचे. मी तुम्हाला आदल्या दिवशी गाडीने तिथे आणेन, तीनेक तासांचा रस्ता आहे, रात्री तिथेच राहू.

आता एवढं करा. दोन्ही पासपोर्टांची पहिली आणि शेवटची पानं, अमेरिकेच्या व्हिसाचं पान आणि दोघांचे क्राउन अँड अँकर क्रमांक मला पाठवा. कॅनडाचा अर्ज मी इथून भरते. बोटांचे ठसे द्यायला मात्र तुम्हाला मुंबईत व्हीएफएसच्या व्हिसा अर्ज केंद्रात जावं लागेल. सकाळची वेळ घेते, म्हणजे आईला उन्हात परतावं लागणार नाही.

तुमची,
धाकटी