टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉईड वाढलं असं नाही

संपादक साहेब,
हार्मोन्सवर पेपरात हल्ली बरंच येतं पण साधी गोष्ट राहूनच जाते. टीएसएच हे थायरॉईडचं हार्मोनच नाही, ते मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी सोडते, थायरॉईड सुस्त पडली की पिट्युटरी तिला जोरात हाका मारते आणि रिपोर्टमध्ये आकडा वर जातो, अन् लोक समजतात थायरॉईड जास्त झालं! अहो, बहुतेक वेळा उलटंच असतं. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर 4 तासांनी, एवढं तरी छापा. आणि केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांनी टेस्टआधी डॉक्टरांना सांगावंच (हे तर कुणी विचारतही नाही), त्याने काही लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटंच कमी दिसतं, मग नसलेल्या आजारावर औषध सुरू व्हायचं.
– एक वाचक