बोर्नव्हिलहून सुजाताला

बोर्नव्हिल, बर्मिंगहॅम

प्रिय सुजाता,

तुझं पत्र परवा मिळालं. सोसायटीमागच्या मैदानावर पार्किंग करायचं घाटतंय, हे वाचून जिवाला लागलं. "तुमच्याकडे कसं असतं गं सगळं?" असं विचारलंस, म्हणून आज सविस्तर लिहिते.

शहराच्या दक्षिणेचं हे आमचं उपनगर म्हणजे कॅडबरी चॉकलेटचं गाव. बोर्नव्हिटाच्या डब्यावरचं नाव इथलंच. ठाण्याच्या कॅडबरी जंक्शनला बसमध्ये यायचा तो वास आठवतो ना? इथे वारा फिरला की तोच वास मागच्या अंगणात येतो.

रोजचं सांगायचं तर स्टेशन चालत गाठता येतं. गाडी सरळ शहरातल्या न्यू स्ट्रीट या मुख्य स्टेशनला जाते आणि वाटेत युनिव्हर्सिटी स्टेशन लागतं, तिथेच मोठं क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल आहे. दवाखान्यात पैसे लागत नाहीत, पण अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून रांगेत थांबावं लागतं. आई आली होती तेव्हा तिला याचं फार आश्चर्य वाटलं. भाजी-किराणा शेजारच्या स्टर्चलीत होतो. कैऱ्या, कढीपत्ता, ताजी मेथी हवी असेल तर मात्र सोहो रोडपर्यंत जावं लागतं, आणि तो रविवार त्यातच जातो. दारूचं म्हणशील, तर या वसाहतीत पबच नाही. कॅडबरी मंडळी क्वेकर या दारू वर्ज्य मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, त्यांनी तो पायंडा घातला.

पण मला तुला सांगायचंय ते मोकळ्या जागांबद्दल. जॉर्ज आणि रिचर्ड कॅडबरी या भावांनी १८७९ साली कारखाना शहरातल्या दाटीतून इथल्या शेतजमिनीवर आणला. पुढे १८९५ पासून जॉर्जनं घरं बांधायला घेतली, आणि ती फक्त आपल्या कामगारांसाठी नव्हती. घरानं प्लॉटचा चौथा हिस्साच व्यापायचा, उरलेली बाग, असा नियम. बागेच्या टोकाला फळझाडं लावून दिलेली असत. खरी गोष्ट पुढची आहे. १९०० साली त्यानं ही सगळी वसाहत, ३१३ घरं आणि ३३० एकर जमीन, एका विश्वस्त संस्थेच्या नावे करून टाकली. बागा सोडून जमिनीचा साधारण दहावा भाग उद्यानं आणि खेळासाठी राखायचा, हे त्या दस्तातच लिहिलं. मालकी स्वतःकडे ठेवली असती, तर वारसांनी केव्हाच तुकडे पाडून विकले असते, असं मला वाटतं. २०१० साली कॅडबरी कंपनी क्राफ्ट या अमेरिकी कंपनीनं विकत घेतली, तरी आमच्या हिरवळीला धक्का लागला नाही, कारण ती कंपनीची नव्हतीच. ट्रस्ट अजून चालतो. त्याबद्दल आम्ही वर्षाला थोडा आकार भरतो, आणि घराचं दर्शनी रूप बदलायचं तर त्यांची परवानगी लागते. शेजारचे काही जण यावर कुरकुरतात. मला ती किंमत रास्त वाटते.

उलट बाजूही पाहते आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम महापालिकेनं खर्च भागत नसल्याची अधिकृत नोटीस काढली, आणि मग शहरातल्या वाचनालयांच्या वेळांवर गदा आली. लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची ती हक्काची ऊबदार जागा, म्हणून मला त्याचं फार वाईट वाटतं. दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर जे तगतं ते दरवर्षी टांगणीला लागतं. स्टर्चलीचा जुना सार्वजनिक तरणतलाव १९१० चा. तो १९८८ साली बंद पडला आणि लोकांनी वर्षानुवर्षं त्याची पडझड पाहिली. शेवटी २०१६ मध्ये दुरुस्त होऊन तो समाजकेंद्र म्हणून उघडला. पोहायला आता जागा नाही, पण वर्ग भरतात, कार्यक्रम होतात.

शनिवारी आम्ही हिरवळीवर जातो. समोरच्या शाळेच्या मनोऱ्यात ४८ घंटांचं कॅरिलॉन नावाचं वाद्य आहे. जॉर्जनं १९०६ साली बसवलं तेव्हा घंटा कमी होत्या, नंतर वाढवल्या. वादक वर बसून लाकडी दांड्यांवर मुठी मारून वाजवतो. ऐकायला तिकीट नाही. बाकावर बसलेले आजोबा आपणहून बोलायला लागतात, शेजारी मुलं धावतात. अनिकेतला इथल्या पोरांची ओळख याच गवतावर झाली, शाळेत नव्हे.

म्हणून सांगते, सभेत भांडण्याआधी कागद काढ. सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय की जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे? शहराच्या विकास आराखड्यात त्या तुकड्यावर मैदानाचं आरक्षण आहे का? मंजूर नकाशात तो काय म्हणून दाखवलाय? महापालिकेत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाक. नाना निवृत्त तलाठी आहेत, त्यांना सातबारा आणि फेरफार दाखव, ते डोळे झाकून वाचतील. कागद हाती आले की मला फोटो पाठव, मी आणि श्रीकांत रात्री बसून बघू. वकिलाच्या फीला कमी पडलं तर संकोच करू नकोस.

काकूंना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही.

तुझीच,
मेधा