सही करण्याआधी

दांडिया बाजार, बडोदे

चि. सानिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, आता काय, फायलीच उचलायच्या." बाबा शेजारी होते म्हणून मी गप्प राहिले, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

गुडघ्याच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी फुटबॉल बंद सांगितला, त्याचं दुःख मला कळतं गं. तुझे स्टडचे बूट अजून जिन्याखालीच आहेत. तळव्यातली सुकलेली माती काढायला माझा हात धजत नाही. पण मुलींच्या संघाचा कारभार बघायला क्लबने तुला बोलावलंय, तो उपकार म्हणून नव्हे.

तो मे महिन्यातला सामना आठव. मुलांचे सामने सकाळी सातला, तुमचा दुपारी एकला. कपडे बदलायला खोली नाही, म्हणून आम्ही चार आया रिक्षाच्या आडोशाला ओढण्या धरून उभ्या होतो. पाण्याचा जग मध्यंतराआधीच रिकामा झाला आणि तुमच्या गोलकीपरला भोवळ आली. मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचलं. खाली तीन सह्या होत्या, एकही बाईची नाही. त्या कागदावर तुझ्यासारखीची सही असती, तर एकची वेळ पडलीच नसती.

इनिओला अलुकोचे गोल तूच मला दाखवायचीस. इंग्लंडसाठी 102 सामने, आणि खेळता खेळता कायद्याची पदवी. 2018 मध्ये ती इटलीच्या युव्हेंटस क्लबला गेली, तिथे लीग जिंकली, आणि जानेवारी 2020 मध्ये निवृत्त होऊन त्याच महिन्यात इंग्लंडमधल्या अ‍ॅस्टन व्हिला क्लबच्या महिला संघाची स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे संघबांधणी बघणारी प्रमुख, झाली. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या एंजल सिटी क्लबने तिला बोलावलं, तेव्हा त्या क्लबकडे एकही खेळाडू नव्हती. संघ शून्यातून उभा करायचा होता. आणि नादिन केसलर तर 2014 ची जगातली सर्वोत्तम खेळाडू. 2016 मध्ये गुडघ्यानेच तिला थांबवलं, नंतर तिने युएफामध्ये, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेत, महिला फुटबॉलचा कारभार हाती घेतला. तुझं दुखणं तिला सांगावं लागणार नाही.

कागदाला कमी लेखू नकोस. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होता, म्हणून तुझी पणजी शाळेची पायरी चढली आणि पुढे घरादाराचा हिशेब तिच्या हाती आला. तुमच्या फिफाच्या नियमातही 2021 पासून व्यावसायिक खेळाडूला बाळंतपणाची किमान 14 आठवडे रजा आहे, किमान दोन तृतीयांश पगारासह. तेही कोणीतरी टेबलाशी बसून, भांडून लिहून घेतलं असणार.

करार आला की घाई करू नकोस. नुसतं 'समन्वयक' लिहिलं असेल तर अधिकार कोणते ते विचार. सरावाची वेळ कोण ठरवणार? फिजिओ आणि प्रवासाचा खर्च कोण मंजूर करणार? हे तोंडी नको, लिहून घे. सही करण्याआधी पानापानाचा फोटो मला पाठव. शाळेच्या हिशेबखात्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत, बारीक अक्षर मी बरोबर वाचते.

रविवारी बाबा अहमदाबादला येताहेत, त्यांच्याबरोबर लीलो चेवडो पाठवते. गुडघ्याला बर्फ लावायचा कंटाळा करू नकोस.

तुझी,
आई